इथेनॉल, बायोडिझेल आणि पायरोलिसिस तेल: नागपूरच्या हवामानात सुरक्षित हाताळणी, साठवण व वाहतूक

शेतातील अवशेष, धान्य, उसाची मळी, वापरलेले खाद्यतेल, लाकूड यांपासून तयार होणारी द्रव इंधने आता केवळ प्रयोगशाळेचा विषय राहिलेली नाहीत. पूर्णतः इथेनॉलवर चालणारी बस २०१४ मध्येच नागपूरच्या रस्त्यावर उतरली होती, २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले, आणि बॉयलर किंवा भट्टीसाठी फर्नेस ऑइलऐवजी जैवइंधन वापरून पाहू इच्छिणारे उद्योजक बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर येथील औद्योगिक वसाहतींतही आहेत. अडचण अशी की, ही इंधने ज्यांच्या ताब्यात येतात त्यांचा हात डिझेलवर बसलेला असतो. जुनी डिझेलची टाकी, तोच पितळी व्हॉल्व्ह, तीच रबरी नळी आणि तीच आग विझवण्याची साधने वापरून नवे इंधन भरले जाते, आणि मग गळती, गाळ, गंज किंवा आग यांपैकी काहीतरी घडते. इथेनॉल, बायोडिझेल आणि पायरोलिसिस तेल (लाकूड, तणस यांसारखा जैवभार हवेशिवाय तापवून काढलेले तेल) या तिघांचे स्वभाव डिझेलपेक्षा वेगळे आहेतच, शिवाय ते एकमेकांपेक्षाही वेगळे आहेत. काही ड्रमपासून एखाद्या टँकरपर्यंतचा साठा सांभाळणारे भांडार प्रमुख, बॉयलर चालक, टँकरचे चालक आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापक यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील सूचना दिल्या आहेत.

उतरवून घेण्यापूर्वी

पुरवठादाराने काय लिहून दिले आहे यापेक्षा ड्रममध्ये प्रत्यक्ष काय आहे ते महत्त्वाचे. प्रत्येक खेपेबरोबर चाचणी अहवाल आणि सुरक्षा माहितीपत्रक मागावे. अहवालावरील बॅच क्रमांक ड्रमवरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही हे पाहूनच माल उतरवावा. फ्लॅश पॉइंट, म्हणजे द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ ज्या किमान तापमानाला जमते तो अंक, अहवालात सर्वांत आधी पाहावा, कारण साठवणुकीची बहुतेक पथ्ये त्यावरून ठरतात. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३ अंश सेल्सियस आहे. नागपुरात थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर वर्षभर हवा त्याहून उष्णच असते. चांगल्या बायोडिझेलचा फ्लॅश पॉइंट भारतीय मानकानुसार किमान १०१ अंश असावा लागतो. पायरोलिसिस तेलाचा मात्र एक ठरावीक अंक सांगता येत नाही. कच्चा माल आणि प्रक्रिया यांनुसार तो ४० अंशांच्या आसपास असू शकतो किंवा १०० च्या वरही जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक पुरवठादाराचा अहवाल स्वतंत्रपणे वाचावा लागतो.

येथे एक गोंधळ टाळणे आवश्यक आहे. बाजारात ‘पायरोलिसिस ऑइल’ या नावाने जुन्या टायरपासून काढलेले तेलही विकले जाते. ते डिझेलच्या जातीचे, म्हणजे हायड्रोकार्बनचे मिश्रण असते. लाकूड, तणस किंवा पऱ्हाटीपासून काढलेल्या तेलात १५ ते ३० टक्के पाणी असते आणि ते आंबट, म्हणजे आम्लधर्मी असते. दोन्ही काळपट असल्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही, परंतु काचेच्या ग्लासातील पाण्यात काही थेंब सोडले तर टायरचे तेल सामान्यतः वर तरंगते आणि जैवभाराचे तेल पाण्याला तपकिरी रंग देत तळाशी जाते. पीएच कागदावर जैवभाराचे तेल २ ते ३ असा अंक दाखवते. ही दोन्ही तेले एका टाकीत कधीही ओतू नयेत, कारण ती एकजीव होत नाहीत आणि टाकीच्या तळाशी जमलेला आम्लधर्मी थर पोलादाला खात राहतो.

कोणता कायदा लागू होतो

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि त्याखालील २००२ चे नियम यांत इंधनांचे वर्ग फ्लॅश पॉइंटवरून पाडले आहेत. २३ अंशांखाली वर्ग अ, २३ ते ६५ च्या खाली वर्ग ब, आणि ६५ ते ९३ च्या खाली वर्ग क. परंतु या कायद्यातील ‘पेट्रोलियम’ची व्याख्या द्रव हायड्रोकार्बन आणि ते असलेली ज्वालाग्राही मिश्रणे एवढीच आहे. शुद्ध इथेनॉल हायड्रोकार्बन नसल्यामुळे त्याच्या साठ्यासाठी प्रथम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जावे लागते. त्यात पेट्रोल मिसळले की ते मिश्रण वर्ग अ मध्ये येते. शुद्ध बायोडिझेल फ्लॅश पॉइंटमुळे तिन्ही वर्गांच्या बाहेर राहते, मात्र ते डिझेलमध्ये मिसळले की मिश्रण डिझेलप्रमाणे वर्ग ब मध्ये जाते. वर्ग ब चा २,५०० लिटरपर्यंतचा साठा, कोणतेही एक पात्र १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतो. वर्ग अ साठी विक्रीखेरीज वापराची ही मर्यादा केवळ ३० लिटर आहे. बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीसाठी केंद्र सरकारची २०१९ ची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि त्यांत वाहनांसाठीचे बायोडिझेल डिझेलमध्ये मिसळण्यासाठीच विकणे अपेक्षित आहे.

नागपूरकरांची एक सोय अशी की, परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय येथेच, सेमिनरी हिल्सवर आहे. टाकी बसवून झाल्यावर परवाना मागण्याऐवजी आराखडा काढतानाच तेथे चौकशी करणे स्वस्त पडते. टाकी सरकवण्याचा खर्च अर्जाच्या शुल्कापेक्षा नेहमीच मोठा असतो.

इथेनॉल: टाकीतील रिकामी जागा अधिक धोक्याची

पेट्रोलच्या टाकीत द्रवाच्या वर जी वाफ साचते ती सामान्य तापमानाला इतकी दाट असते की, टाकीच्या आत पेट घ्यायला पुरेशी हवाच उरत नाही. इथेनॉलचे तसे नाही. त्याची वाफ हवेत ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असली तर पेट घेऊ शकते. २० अंशांना बंद टाकीत हे प्रमाण सुमारे ६ टक्के, ३० अंशांना सुमारे १० टक्के आणि ४० अंशांना सुमारे १८ टक्के असते. म्हणजे साधारण १२ ते ४१ अंशांदरम्यान टाकीतील रिकामी जागा सतत पेटण्याच्या अवस्थेत असते, आणि नागपूरच्या वर्षातील बहुतेक तास याच पट्ट्यात मोडतात. मे महिन्याच्या दुपारी टाकी तापून वाफ या मर्यादेच्या वर गेली तरी संध्याकाळी टाकी थंड होताना बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पुन्हा धोक्याच्या पट्ट्यात येते. म्हणून इथेनॉलच्या टाकीच्या वेंटवर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीवर, प्रमाणित फ्लेम अरेस्टर (बाहेरची ज्योत आत जाऊ न देणारी जाळी) असलाच पाहिजे, आणि त्याची जाळी धूळ व कोळ्यांच्या जाळ्यांनी बुजली नाही ना हे उन्हाळा सुरू होण्याआधी व पावसाळा संपल्यावर उघडून पाहावे. उघड्या झाकणातून डिप रॉड घालून पातळी मोजण्याची सवय शक्य तितकी मोडावी. बाहेरून पातळी दाखवणारे गेज बसवणे हा खर्च वाया जात नाही.

इथेनॉलची वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत सरकत गटार, केबलची चर, वजनकाट्याचा खड्डा अशा सखल जागी साचते. पंपाची मोटर, दिवे आणि स्विच ज्वालाप्रतिबंधक प्रकारचेच असावेत. वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा मोबाइल चार्जिंग टाकीच्या परिसरात होऊ देऊ नये. साध्या प्लॅस्टिकचा, पिंजऱ्यात बसवलेला १,००० लिटरचा आयबीसी टँक स्वस्तात मिळतो म्हणून त्यात इथेनॉल साठवले जाते, परंतु त्याच्या भिंतींवर स्थिरविद्युत साचते आणि तिला जमिनीत जाण्याचा मार्ग मिळत नाही. इथेनॉलसाठी अर्थिंग जोडता येईल असे धातूचे पात्र किंवा खास स्थिरविद्युतरोधी पात्रच वापरावे.

पाण्याविषयी दोन गैरसमज रूढ आहेत. पहिला असा की, पाणी ओतले की इथेनॉल निरुपद्रवी होते. वास्तविक निम्मे पाणी मिसळलेल्या इथेनॉलचा फ्लॅश पॉइंटही २४ अंशांच्या आसपासच राहतो, आणि चार भाग पाण्यात एक भाग इथेनॉल असले तरी तो सुमारे ३६ अंश असतो. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या सावलीतही त्याहून जास्त तापमान असते. सांडलेल्या इथेनॉलवर बादलीभर पाणी टाकून निश्चिंत होणे म्हणजे जास्त जागा व्यापणारे आणि तरीही पेटणारे द्रव तयार करणे होय. दुसरा गैरसमज असा की, पेट्रोलमिश्रित इथेनॉलमध्ये थोडेसे पाणी गेले तर ते तळाशी जाऊन बसेल आणि डिझेलच्या टाकीप्रमाणे काढून टाकता येईल. प्रत्यक्षात इथेनॉल ते पाणी आधी शोषून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉलसह पाण्याचा वेगळा थर तळाशी उतरतो. वर उरलेल्या पेट्रोलचा दर्जा घसरतो आणि तळातला थर इंजिनात किंवा बर्नरमध्ये गेला तर यंत्र बंद पडते. तापमान उतरले की ही मर्यादा आणखी कमी होते, त्यामुळे दिवसा एकजीव दिसलेले मिश्रण डिसेंबरच्या पहाटे फाटू शकते. पाणी शोधण्याची नेहमीची पेस्ट इथेनॉलयुक्त इंधनात भरवशाचे उत्तर देत नाही, म्हणून अल्कोहोलसाठी बनवलेली पेस्ट मागून घ्यावी. पावसाळ्यात मॅनहोलचे गास्केट तपासावे, वेंटवर पावसाचे झाकण असावे आणि लहान टाक्यांवर सिलिका जेलची डबी बसवावी. जेलचा रंग पालटला की ते बदलावे.

धातू व रबर यांची निवडही डिझेलच्या सवयीने करू नये. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप, शिसे आणि साधे ॲल्युमिनियम इथेनॉलला सोसत नाहीत. नैसर्गिक रबर, पॉलियुरेथेन आणि कॉर्कची गास्केट फुगतात व भुसभुशीत होतात. स्टेनलेस स्टील, इथेनॉलसाठी योग्य लेप दिलेले पोलाद, व्हिटॉन (एक कृत्रिम रबर) आणि टेफ्लॉन चालतात.

बायोडिझेल: आग कमी, नासणे जास्त

बायोडिझेल सहज पेटत नाही, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. पहिली तपासणी मेथॅनॉलची. बायोडिझेल तयार करताना तेलाबरोबर मेथॅनॉल वापरले जाते. ते नीट काढून टाकले नसेल तर थोडेसे उरलेले मेथॅनॉलही फ्लॅश पॉइंट खाली आणते. मानकात त्याची कमाल मर्यादा ०.२ टक्के आहे. हॉटेलांचे वापरलेले तेल गोळा करून लहान प्रमाणावर बनवलेले बायोडिझेल घेताना हा अंक अहवालात नसेल तर तो माल घेऊ नये. नाकाला वास आला नाही म्हणजे मेथॅनॉल नाही, असे समजण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा काळाचा. हवा, उष्णता, प्रकाश आणि काही धातू यांच्या संपर्कात बायोडिझेलचे ऑक्सिडीकरण होते. त्यातून आम्ले आणि चिकट गाळ तयार होतो. तांबे, पितळ, कांसे, शिसे, कथील आणि जस्त ही प्रक्रिया वेगाने घडवतात. डिझेलच्या जुन्या जोडणीतला पितळी व्हॉल्व्ह आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप म्हणूनच बदलावे लागतात. शुद्ध बायोडिझेल सहा महिन्यांपेक्षा जास्त साठवू नये. नागपूरचा उन्हाळा मध्ये येत असेल तर तीन महिन्यांतच संपवण्याचे नियोजन करावे आणि त्याहून जास्त ठेवायचेच असेल तर बनवतानाच ऑक्सिडीकरणरोधक मिसळून घ्यावे. जुना माल आधी वापरला जाईल अशा रीतीने ड्रमची रांग लावावी आणि प्रत्येक ड्रमवर भरल्याची तारीख ठळक लिहावी. पूर्वी डिझेल साठवलेल्या टाकीत बायोडिझेल भरले तर ते वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून बाहेर आणते आणि पहिल्या काही आठवड्यांत फिल्टर भराभर तुंबतात. हा इंधनाचा दोष नव्हे, टाकी आधी न धुण्याचा परिणाम आहे. तळाशी साचलेल्या पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून शेवाळासारखा थर धरतो, म्हणून ड्रेन व्हॉल्व्हमधून तळाचे पाणी नियमितपणे काढावे.

थंडीचा प्रश्न विदर्भाबाहेरील पुरवठादारांच्या सहसा लक्षात येत नाही. भारतातील वापरलेल्या खाद्यतेलात पामतेलाचा वाटा मोठा असतो, आणि पामपासून बनलेले बायोडिझेल १३ ते १६ अंशांदरम्यानच गढूळ होऊ लागते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जाणे नवलाचे नाही, डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तर तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा सकाळी फिल्टर बंद झाला तर टाकीत रॉकेल ओतण्याचा उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. रॉकेलमुळे सगळ्या टाकीचा फ्लॅश पॉइंट खाली येतो आणि साठा वेगळ्या वर्गात जातो, त्यामुळे हे कदापि करू नये. ऊन चढेपर्यंत थांबावे किंवा कोमट पाण्याच्या आवरणाने नळी व फिल्टर गरम करावा. गढूळपणा निघून गेला की इंधन पूर्ववत होते.

बायोडिझेलने भिजलेल्या चिंध्या, कापसाचा लगदा आणि लाकडाचा भुसा ढिगाऱ्यात पडून राहिले तर ऑक्सिडीकरणाच्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. ठिणगी नसताना गोदामात आग कशी लागली, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा कोपऱ्यातल्या चिंध्यांत असते. अशा चिंध्या झाकण असलेल्या धातूच्या डब्यात पाण्याखाली ठेवाव्यात आणि त्याच दिवशी गोदामाबाहेर काढाव्यात.

पायरोलिसिस तेल: आम्ल म्हणून सांभाळावे

जैवभार हवेशिवाय सुमारे ५०० अंशांपर्यंत झटकन तापवून निघालेली वाफ लगेच थंड केली की हे तेल मिळते. त्याची उष्णता देण्याची क्षमता किलोमागे १६ ते १९ मेगाजूल, म्हणजे डिझेलच्या निम्म्याहून कमी असते. घनता मात्र सुमारे १.२ असते, आणि साठवणुकीच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा आहे. डिझेलसाठी उभारलेली टाकी, तिचा लोखंडी सांगाडा आणि पाया सुमारे ०.८३ घनता धरून बनवलेले असतात. तीच टाकी या तेलाने काठोकाठ भरली तर भार सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. १२,००० लिटरच्या टँकरमध्ये डिझेल सुमारे १० टन भरते, हे तेल मात्र १४ टनांहून अधिक होईल. त्यामुळे टँकर अर्धवटच भरावा लागतो आणि अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये वळणावर द्रव हेलकावतो, म्हणून आडपडदे असलेलाच टँकर घ्यावा.

पीएच २ ते ३ असल्याने साधे पोलाद, ॲल्युमिनियम आणि जस्त हे तेल खाऊन टाकते. ३०४ किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील, तसेच एचडीपीई व पॉलिप्रॉपिलीन ही प्लॅस्टिके योग्य ठरतात. मोठी पोलादी टाकी वापरायचीच असेल तर आतून आम्लरोधी अस्तर लावून घ्यावे आणि ठरावीक काळाने तिची जाडी मोजावी.

हे तेल साठवणुकीत म्हातारे होते. त्यातील घटक आपापसात जोडले जाऊन रेणू मोठे होतात, तेल घट्ट होत जाते, पाणी सुटते आणि शेवटी वर पातळ पाणचट थर व खाली डांबरासारखा थर अशी फूट पडते. प्रयोगशाळेत या तेलाचे वय वाढवण्याची रूढ चाचणी ८० अंशांना २४ तास ठेवण्याची आहे, आणि ती सामान्य तापमानाच्या साधारण वर्षभराच्या साठवणुकीशी तुल्य मानली जाते. तापमानाचा परिणाम किती मोठा असतो हे यावरून ध्यानात यावे. नागपुरात मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हे तेल उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणे म्हणजे महिन्यांचे वय आठवड्यांत वाढवणे आहे. जाड भिंतींची, उत्तराभिमुख, पांढरा रंग दिलेल्या छताची खोली निवडावी. मोठी टाकी असेल तर तिला उष्णतारोधक आवरण द्यावे. सुमारे १० टक्के इथेनॉल किंवा मेथॅनॉल मिसळल्यास म्हातारपण बरेच लांबते, परंतु त्याने फ्लॅश पॉइंट खाली येतो, आणि मग इथेनॉलची सगळी पथ्ये या टाकीलाही लागू होतात.

पंपाने ओढता यावे म्हणून तेल गरम करावे लागले तर ५० अंशांपुढे जाऊ नये. गरम पाण्याचे आवरण चालते, उघडा विद्युत हीटर किंवा वाफेची कॉइल थेट तेलात बुडवू नये, कारण तापलेल्या पृष्ठभागावर तेल कोळशासारखे जळून चिकटते. टाकी हळू फिरणाऱ्या ढवळणीने अधूनमधून ढवळावी. साठ्यातून वायू सुटत असल्याने ड्रमची बुचे दाब सोडणारी असावीत. घट्ट बंद केलेला ड्रम फुगलेला दिसला तर तो सावलीत नेऊन थंड होऊ द्यावा आणि मगच बूच अतिशय हळू सैल करावे, तेही तोंड बाजूला ठेवून.

धुरासारख्या तीव्र वासात असेटिक आम्ल, फिनॉले आणि अल्डिहाइड यांचा वाटा असतो. त्वचेवर ते जळजळ करते आणि डोळ्यांत गेले तर गंभीर इजा होते. कोपरापर्यंतचे नायट्राइल किंवा ब्युटाइल हातमोजे, बंद चष्मा, चेहऱ्याची ढाल आणि आम्लरोधी एप्रन यांशिवाय नमुनासुद्धा काढू नये. बंद खोलीत सेंद्रिय वाफांसाठीचे फिल्टर असलेला मास्क घालावा. अंगावर उडाले तर कपडे उतरवून साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धूत राहून लगेच दवाखाना गाठावा. पोटात गेल्यास उलटी करवू नये.

जागा, टाकी आणि मोकळी जागा

टाकीभोवती पक्क्या भिंतीचा डाइक, म्हणजे गळलेले द्रव अडवणारा बांध, असावा आणि त्यात सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावले पाहिजे. पायरोलिसिस तेलाच्या डाइकला आम्लरोधी लेप लागतो, कारण साधे सिमेंट त्याच्यापुढे टिकत नाही. डाइकमधील पावसाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह एरवी बंदच राहील, आणि पाणी सोडण्यापूर्वी ते तपासले जाईल, याची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीवर द्यावी. इथेनॉल, बायोडिझेल आणि पायरोलिसिस तेल यांचे डाइक स्वतंत्र ठेवावेत, आणि आम्लधर्मी तेलाजवळ ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम ऑक्सिडीकारक ठेवू नयेत.

कोणतीही टाकी पूर्ण भरू नये. इथेनॉल तापले की अंशामागे सुमारे ०.११ टक्के फुगते. पहाटे २५ अंशांना भरलेला २०,००० लिटरचा टँकर दुपारी ४५ अंशांपर्यंत तापला तर त्यातील द्रव सुमारे ४४० लिटरने वाढेल. धातूचा पृष्ठभाग उन्हात हवेपेक्षा बराच अधिक तापतो, म्हणून ५ टक्के जागा मोकळी सोडणे ही किमान मर्यादा समजावी.

टाकीच्या आत माणूस उतरवणे हे सर्वांत धोक्याचे काम आहे. वाफमापक आणि ऑक्सिजनमापक यांनी हवा तपासून, लेखी परवानगी घेऊन, बाहेर दोरी धरणारा सहकारी उभा असेल तेव्हाच उतरावे. आत कोणी बेशुद्ध पडला म्हणून श्वसनसाधनाशिवाय मागोमाग उडी घेणारा दुसराही आतच राहतो.

भरणे, उतरवणे आणि रस्ता

टँकर उभा राहिला की इंजिन बंद करावे, चाकांना ठोकळे लावावेत, आणि नळी जोडण्याआधी अर्थिंगची तार जोडावी. सोडताना क्रम उलटा, म्हणजे अर्थिंग सर्वांत शेवटी. इथेनॉल पेट्रोलपेक्षा अधिक विद्युतवाहक असल्याने स्थिरविद्युत त्यातून लवकर वाहून जाते हे खरे, परंतु यावरून अर्थिंग अनावश्यक आहे असा निष्कर्ष काढू नये. भरणी शक्यतो तळातून करावी. वरून भरायचेच असेल तर नळीचे तोंड द्रवात बुडेपर्यंत प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरच्या वर जाऊ देऊ नये. आधी कोणते इंधन टँकरमध्ये होते याची नोंद मागावी. पेट्रोल वाहिलेल्या टँकरमध्ये बायोडिझेल भरले तर उरलेल्या थोड्या पेट्रोलनेही त्याचा फ्लॅश पॉइंट घसरतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये घातक माल नेणाऱ्या वाहनावर वर्गचिन्ह आणि आपत्कालीन माहितीचा फलक लागतो. फलकावर मालाचे नाव, संयुक्त राष्ट्र क्रमांक (घातक माल ओळखण्याचा चार अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि संपर्काचे दूरध्वनी असावेत. इथेनॉलचा क्रमांक ११७०, आणि १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेल्या पेट्रोल मिश्रणाचा ३४७५ आहे. पायरोलिसिस तेलाचा क्रमांक त्याच्या फ्लॅश पॉइंट व आम्लतेनुसार ठरतो, म्हणून तो पाठवणाऱ्याने लेखी द्यावा. चालकाकडे विहित प्रशिक्षणाचे वैध प्रमाणपत्र असले पाहिजे, आणि केबिनमध्ये आपत्कालीन सूचनांचे पत्रक त्याला वाचता येईल अशा भाषेत असावे. इंग्रजीतले पत्रक ठेवून कागदपत्रे पूर्ण होतात, गळती थांबत नाही.

उन्हाळ्यात भरणी पहाटे उरकावी आणि दुपारी वाहन उन्हात उभे राहणार नाही असा मार्ग आखावा. ढाब्याच्या चुलीशेजारी, उड्डाणपुलाखाली किंवा वस्तीत थांबा घेऊ नये. एका वाहनात इंधनाबरोबर धान्य, पशुखाद्य किंवा प्रवासी नेऊ नयेत, मग ड्रम एकच का असेना.

आग व गळती

इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. हवा थरथरताना दिसणे, रंगाला फोड येणे किंवा अंगाला झळ लागणे यावरून आग ओळखावी लागते. पेट्रोलसाठी वापरला जाणारा साधा फेस इथेनॉलवर पडताच विरून जातो, कारण इथेनॉल त्यातील पाणी ओढून घेते. त्यामुळे अल्कोहोलरोधी फेसच साठ्यात असावा आणि डब्यावरची मुदत तपासलेली असावी. छोट्या आगीला कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड चालतो. बायोडिझेलच्या आगीवर पाण्याचा जोरदार झोत मारू नये, जळते तेल पसरते. टाकी थंड ठेवण्यासाठी तुषार वापरावेत. पायरोलिसिस तेल पेटायला अवघड असते, परंतु एकदा पेटले की त्याचा धूर डोळ्यांना व श्वासाला झोंबतो, म्हणून वारा धूर ज्या बाजूला नेतो त्या बाजूला उभे राहू नये. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवताना ‘तेलाला आग’ एवढेच न सांगता इंधनाचे नाव आणि संयुक्त राष्ट्र क्रमांक सांगावा, म्हणजे दल योग्य फेस घेऊन निघेल. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच असल्याने कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची चौकशी दूर न जाता करता येते.

गळती झाल्यास प्रथम ठिणगीचे स्रोत बंद करावेत, मग वाळूचे बांध घालून द्रव अडवावे. पायरोलिसिस तेल वाळूत शोषून घेतल्यावर त्यावर चुना थोडाथोडा पसरावा. एकदम जास्त टाकल्यास उष्णता निर्माण होते. सोडा वापरला तर फेस व वायू सुटतो, म्हणून ते काम बंद पात्रात करू नये. कोणतेही इंधन धुऊन गटारात सोडू नये. नागपूरच्या गटारांचे पाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेला मिळते. इथेनॉल पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन वेगाने संपवते आणि पायरोलिसिस तेलाचा जड भाग तळाशी बसून राहतो. ‘जैव’ आहे म्हणून मासे वाचतील असे नाही. वापरलेली वाळू, टाकीतला गाळ, तुंबलेले फिल्टर आणि दूषित हातमोजे हे सारे झाकणाच्या ड्रममध्ये भरून त्यावर नाव व तारीख लिहावी, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांप्रमाणे अधिकृत केंद्राकडे पाठवावे. असे घातक कचऱ्याचे सामायिक प्रक्रिया केंद्र बुटीबोरीत आहे. पाठवलेल्या प्रत्येक ड्रमची पोचपावती साठ्याच्या नोंदवहीला जोडून ठेवावी.